नाही म्हणणारा रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. तुम्ही वहीत उभ्या रेघा मारून करता ना, तसाच. फक्त माझ्या रेघा कागदावर नाहीत, एका रक्तपेढीच्या संगणकात आहेत. लोक जिथे रक्त देतात आणि गरजू रुग्णांसाठी ते जपून ठेवले जाते, ती रक्तपेढी. तिथल्या रक्तदात्यांच्या तक्त्यात मी डावीकडून सातवा. प्रत्येक दात्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन किती, तो आकडा माझ्यात लिहिला जाई. आता माझ्यात कुणी काही लिहीत नाही. माझे नावसुद्धा बदलून टाकले आहे. कसे, ते क्रमाने सांगतो, कारण एकदम तिथे गेलो तर मला राग आवरणार नाही आणि तुम्हाला काही कळणार नाही.

मला घडवणारा प्रोग्रामर तेव्हा नुकताच कामाला लागला होता. सगळे त्याला 'सर' म्हणत आणि त्याला ते ऐकताना लाज वाटे. जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने खात आणि दुसऱ्या हाताने टाइप करत त्याने आमचा तक्ता आखला. आखताना त्याने प्रत्येक रकान्याला त्याचा प्रकार ठरवून दिला. प्रकार म्हणजे रकान्याचा स्वभावच म्हणा ना. 'नाव' या रकान्याला त्याने अक्षरे दिली. तो बिचारा भोळा, जे येईल ते घरात घेतो. 'जन्मतारीख' मोठी चिकित्सक, तीस फेब्रुवारी घेऊन कुणी आला तर दारातूनच परत पाठवते. फोन नंबरात सगळे अंकच असतात, तरी त्यालाही अक्षरेच दिली, कारण फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही आणि आकडा म्हणून ठेवला तर सुरुवातीचे शून्य गळून जाते. आणि मला दिला आकडा. दशांशचिन्हानंतर एकच घर, आणि पंचवीसच्या वरचे काही आत घ्यायचे नाही.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई त्याच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अहो, एवढी कडक शिस्त कशाला? रकानाच तर आहे."

तो वळून म्हणाला, "बाई, ह्यानं नाही म्हणायला शिकलं पाहिजे. हा जे येईल ते गिळत बसला तर एखाद्याच्या जिवावर बेतेल."

हे शब्द मी ऐकले आणि खरे मानले. माझे चुकले असेल तर एवढेच.

माझी नोकरी अकरा वर्षांची. त्या अकरा वर्षांत माझ्याशी सर्वांत जास्त बोलणे कुणाचे झाले असेल तर ते सुईताईचे. ती तपासनीस होती. दात्याचे बोट टोचायचे, थेंब यंत्रात ठेवायचा, आकडा बघायचा आणि मला सांगायचा, हे तिचे काम. तिची सुई कळत नाही अशी तिची ख्याती होती. मोठमोठे मिशीवाले गडी डोळे मिटून बसायचे आणि ती म्हणायची, "झालं की दादा, कधीच झालं. आता डोळे उघडा, नाहीतर पुढचा समजेल तुम्ही झोपायला आलात."

आमचा नियम सोपा होता. साडेबाराच्या खाली आकडा असेल त्याचे रक्त घ्यायचे नाही. त्याच्याकडेच कमी आहे, तो दुसऱ्याला काय देणार? ताईने आकडा टाकला की मी तो साडेबाराशी ताडून बघू देत असे आणि कमी असला तर तिच्या पडद्यावर लाल खूण उमटे. मग ती दात्याला पाणी देऊन, समजूत घालून घरी पाठवी.

कधी घाईत तिच्याकडून टिंब राहून जाई आणि १२५ असे येई. मी सरळ परत पाठवत असे. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "बरं बाबा, तू म्हणशील तसं." दात्याची तपासणी व्हायची असेल तर ती मला रिकामे ठेवी, शून्य टाकत नसे. रिकामे म्हणजे अजून मोजलेले नाही. शून्य म्हणजे मोजले आणि रक्तात काहीच सापडले नाही, आणि असा माणूस काही स्वतःच्या पायांनी जिना चढून येत नाही. हा फरक तिला कुणी शिकवला नव्हता, पण कळत होता. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने अकरा वर्षांची माझी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हटले, "या रकान्यात एकही चूक नाही." प्रोग्रामर तेव्हा असा फुलला की जणू त्याच्या मुलाचा पहिला नंबर आला. मीही फुललो. का फुलू नये?

मग टॅब्लेट आले. जुना, एका टेबलाला चिकटलेला प्रोग्राम जाऊन नवा प्रोग्राम येणार होता. नाव-पत्ता टॅब्लेटवर, तपासणी टॅब्लेटवर, पलंगाजवळच्या सिस्टरच्या हातातही टॅब्लेट. मला त्याचे वावडे नव्हते. कुणी कशावर लिहिते याच्याशी मला काय करायचे? मला हवा होता आकडा.

पण नवा प्रोग्राम आणि आमचा तक्ता यांची भाषा एक नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. हा दुभाषा प्रामाणिक असतो, पण स्वतःचे डोके चालवत नाही. प्रोग्रामने 'हा आकडा आहे' असे सांगून दिले तर तो मला आकडा आणून देतो. 'ही अक्षरे आहेत' म्हणून दिले तर अक्षरे आणतो. आता गंमत अशी की टॅब्लेटच्या चौकटीत तुम्ही काहीही लिहा, प्रोग्रामच्या हातात ती आधी अक्षरेच असतात. बारा लिहिले तरी ते 'एक' हे चिन्ह आणि त्यापुढे 'दोन' हे चिन्ह, एवढेच. दुभाष्याकडे देण्याआधी कुणालातरी ती तपासून, नीट आकडा करून द्यावी लागतात. ते काम प्रोग्रामरचे. अशा चौकटी त्या प्रोग्राममध्ये चाळीसेक होत्या, आणि त्याने ते काम मागे ठेवले होते.

सुरुवातीच्या दिवशी सकाळी नऊपासून दुभाषा माझ्याकडे अक्षरे घेऊन यायला लागला. मी म्हटले, आकडा असेल तर आकडा म्हणून आणा. तो परत गेला. पुन्हा आला. या वेळी '१३ ग्रॅम'. मी म्हटले, ग्रॅम तुमच्याकडेच ठेवा. मग नुसतीच कोरी जागा आली, रिकामे नव्हे, शून्यही नव्हे, अक्षरांची रिकामी पिशवी. मी तीही परत केली. प्रत्येक नकाराला तिकडे टॅब्लेटवर लाल चौकट उघडत होती आणि रांग जागच्या जागी थांबत होती. दुसऱ्या दिवशी दोनशे दाते येणार होते.

डॉक्टरबाई घामाघूम होऊन खोलीत आल्या. "काय चाललंय काय? प्रत्येकाला अडवतोय तो!"

"कोण?" प्रोग्रामर म्हणाला.

"तुमचा तो रकाना. बाकीचे घेतात ना गुपचूप?"

त्याने घड्याळ पाहिले. मित्रांनो, त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. चाळीस चौकटी नीट करायच्या, म्हणजे दोन दिवसांचे काम. किंवा माझा प्रकार बदलायचा, म्हणजे एक ओळ. मला वाटले, हा माणूस मला ओळखतो. यानेच तर मला घडवले.

त्याने ती एक ओळ लिहिली. दोन सेकंदांत मी आकड्यांचा रकाना उरलो नाही, अक्षरांचा झालो. अकरा वर्षांचे माझे सगळे आकडे तसेच्या तसे दिसत होते, पण आतून ते आकडे नव्हते, चिन्हांच्या माळा होत्या. लाल चौकटी थांबल्या. रांग हलली. बाहेर चक्क टाळ्या वाजल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघा, एवढंसं तर काम होतं!" आणि तो हसला. आधी त्याच्या चेहऱ्यावर किंचित संकोच होता, तो टाळ्यांनी पुसून टाकला.

वेळ मारून नेली, असे म्हणतात ना, तेच झाले. फक्त मारली गेली ती वेळ नव्हती.

त्या दिवसापासून माझ्यात काय काय येऊ लागले, सांगू? 'तेरा'. '१२.८ असावे'. '१३ चांगले आहे'. एका शिकाऊ तपासनिसाने तर 'ताई जेवायला गेल्या' असे लिहिले आणि मी तेही गिळले. मला नाही म्हणताच येईना. जिभेवर गाठ मारल्यासारखे झाले होते. आधी हसू यायचे, मग हसू येईनासे झाले.

पण खरा धोका या येड्यागबाळ्या नोंदींत नव्हता. तो नीट लिहिलेल्या आकड्यांत होता. ऐका. आकड्यांची तुलना आणि अक्षरांची तुलना वेगळी असते. आकडे मोठे-लहान असतात. अक्षरे मात्र शब्दकोशातल्यासारखी लावतात, डावीकडून एकेक चिन्ह बघत. ११.९ आणि १२.५ यांत पहिले चिन्ह दोन्हीकडे एक. पुढचे बघितले, एकापेक्षा दोन पुढे. म्हणून ११.९ कमी, हे बरोबर आले. प्रोग्रामरने हेच करून पाहिले. ११.९ टाकले, लाल खूण आली. १२.६ टाकले, हिरवी आली. त्याने मान डोलावली आणि उठला.

त्याने ९.८ टाकून पाहिले नाही. ९.८ चे पहिले चिन्ह नऊ, १२.५ चे पहिले चिन्ह एक. शब्दकोशाच्या हिशेबात नऊ एकच्या पुष्कळ नंतर येतो. म्हणजे ९.८ हे साडेबाराहून मोठे ठरते. हिरवी खूण. ज्याचे रक्त थोडे कमी त्याला थांबवायचे आणि ज्याचे फारच कमी त्याला 'या, झोपा' म्हणायचे, असा उलटा न्याय मी करत होतो. मला ते कळत होते आणि सांगता येत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत समजले.

दहाच्या खालचे दाते क्वचितच येतात, म्हणून दोन महिने कुणाला पत्ता लागला नाही. मग एका दुपारी व्हॅनवाली आली.

ती शाळेची व्हॅन चालवायची. दर चार महिन्यांनी रक्त द्यायची आणि गाडी खाली उभी करून धावतच वर यायची. त्या दिवशी ती जिना चढून दमली होती. सुईताईने तिचे बोट टोचले, आकडा पाहिला आणि टॅब्लेटवर टाकला. ९.८. बरोबर टाकला, टिंबासकट.

"अगं, किती फिकी पडली आहेस. नीट जेवतेस ना?" ताई म्हणाली.

"ताई, मुलांच्या परीक्षा चालू आहेत. मीच घरी आई, मीच ड्रायव्हर."

"आज देऊ नकोस बाई. आकडा कमी दिसतोय तुझा. पुढे थांबवतील तुला, तरी सांगून ठेवते."

नव्या पद्धतीत ताईने फक्त मोजायचे होते. ठरवायचे काम यंत्राचे. खूण आता तिच्या पडद्यावर दिसत नसे, सिस्टरच्या टॅब्लेटवर दिसे. आणि ताईला माझा भरवसा होता. अकरा वर्षे मी एकही असा माणूस पुढे जाऊ दिला नव्हता. तिने पुढच्या दात्याचे बोट हातात घेतले.

व्हॅनवाली सिस्टरकडे गेली. म्हणाली, "ताई म्हणत होत्या, कमी आहे."

सिस्टरने टॅब्लेट तिच्यासमोर धरला. "हे बघा, हिरवं आहे सगळं. उगीच घाबरू नका."

तिचे रक्त घेतले. ती जरा वेळ खुर्चीत बसली, सरबत प्यायली आणि उतरायला लागली. सातव्या पायरीवर तिला चक्कर आली. खाली पोचेपर्यंत तिचा उजवा हात मोडला होता आणि कपाळ फुटले होते. आणखी पाऊण तासाने शाळा सुटणार होती. त्या गाडीत रोज चौदा मुले बसत.

संध्याकाळी तिचा थोरला भाऊ आला. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होते. त्याने एवढेच विचारले, "हिच्या अंगात रक्त नव्हतं, हे तुम्हाला मोजता आलं नाही?"

डॉक्टरबाईंनी सिस्टरला विचारले. हिरवी खूण होती, असे ती शपथेवर सांगत होती. मग त्यांनी प्रोग्रामरला बोलावले. तो आता तरुण राहिला नव्हता आणि 'सर' म्हटलेले त्याला आवडू लागले होते.

"प्रोग्राममध्ये काही गडबड?"

"नाही बाई. मी स्वतः तपासलाय. ताईंकडून आकडा चुकीचा पडला असेल. दमतात हो त्या."

असे म्हणून तो सगळ्यांना बाहेर घालवून एकटाच माझ्यासमोर बसला. त्याने मला उघडले. व्हॅनवालीच्या नावापुढे ९.८ होते. त्याने ते पाहिले. मग त्याने माझा प्रकार पाहिला, आणि मला दिसले की त्याला सगळे कळले. दोन महिन्यांपूर्वीची ती एक ओळ त्याला आठवली.  मग त्याने पडद्यावरची खिडकी बंद केली, बाहेर जाऊन म्हणाला, "बघतो अजून," आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सुईताईला कामावर येऊ नका असे सांगण्यात आले. चौकशी होईपर्यंत. तिच्या खुर्चीवर तो 'ताई जेवायला गेल्या' लिहिणारा शिकाऊ बसला. मित्रांनो, तिची सुई कळत नसे म्हणून लोक तिच्या रांगेत उभे राहत, आता तिच्याबद्दल जिन्यात कुजबुजत होते की म्हातारपणी नजर गेली. माझ्या आत खरा आकडा होता. तिने लिहिलेला, तिच्या हातचा. आणि तो दाखवू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो रोज माझ्या शेजारून डोके खाली घालून जात होता.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. ताईने मोठे भाषण केले नाही. ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. मी काय लिहिलं ते उघडून दाखवा."

प्रोग्रामरला बसावे लागले. त्याच्या मागे डॉक्टरबाई, त्यांच्या मागे ताई. त्याने मला उघडले आणि कर्सर नेमका त्या नऊपाशी नेला. मी श्वास रोखला, रकान्याला श्वास असतो असे समजा. एक कळ दाबून नऊ पुसता आला असता आणि बारा लिहिता आले असते. मला ते थांबवता आले नसते. त्या दोघी अजून चष्मे डोळ्यांवर चढवत होत्या, कुणाला दिसलेही नसते.

त्याने पुसले नाही. एवढे मी त्याच्या नावावर लिहितो. तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "बघा."

"नऊ पूर्णांक आठ," डॉक्टरबाईंनी वाचले. मग त्यांनी ताईकडे पाहिले.

ताई म्हणाली, "हेच मी सांगत होते." आणि तिने पदराच्या टोकाने डोळे पुसले. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा रडली असावी.

"मग हिरवी खूण कशी आली?" डॉक्टरबाईंनी विचारले.

मला वाटले, आता हा सांगेल. पुसले नाही, म्हणजे सांगेलच. तो म्हणाला, "जुना रकाना आहे, बाई. इतक्या वर्षांचा. खराब झालाय. मी नवा करून देतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! ताई सुटली याचा मला आनंद झाला, मनापासून झाला. पण ज्याच्या हातून मी जन्मलो त्याच हाताने केसाने गळा कापला, ते मी कसे विसरू? मी खराब झालो नव्हतो. मला खराब केले होते, भर दुपारी, टाळ्यांच्या गजरात.

त्याने माझ्या शेजारी नवा रकाना केला. आकड्यांचा, दशांशानंतर एक घर. या वेळी त्याने चाळीसच्या चाळीस चौकटी नीट केल्या, पुरते दोन दिवस बसून. म्हणजे येत होते त्याला. माझ्यातले चांगले आकडे नव्यात नेले. '१२.८ असावे' आणि 'ताई जेवायला गेल्या' माझ्याकडेच राहिले. माझ्या नावापुढे त्याने 'जुना' जोडले. ताई परत आली, तिची रांगही परत आली. व्हॅनवालीचा हात बरा झाल्याचे मी ऐकले. नव्या रकान्याने परवा १२५ ला नाही म्हटले, आणि ताई त्याला म्हणाली, "बरं बाबा."

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. तुमच्यापैकी कुणी उद्या प्रोग्राम लिहाल, कुणी दुसरेच काही कराल. तुमच्या कामात कुणीतरी सारखे नाही म्हणणारे असेल, त्याचा वैताग येईल. त्याचे तोंड बंद करणे फार सोपे असते. त्याआधी एकदा विचारा, की तो नाही का म्हणतोय. आणि केलेच बंद, तर पुढे जे होईल ते आपल्या नावावर घ्या.

मागच्या आठवड्यात रक्तपेढीत एक नवी मुलगी कामाला लागली, प्रोग्रामरच आहे. ती आमचा तक्ता समजून घेत होती. डावीकडून एकेक रकाना बघत ती माझ्यापाशी थांबली.

"सर, हा 'जुना' कशाला ठेवलाय? कुठलाच प्रोग्राम वाचत नाही याला."

"असू दे. त्याच्यामुळे एकदा मोठी चूक झाली होती."

तिने माझा प्रकार उघडून पाहिला. तिच्या कपाळाला आठी पडली. "पण हिमोग्लोबिन तर आकडा असतो ना, सर? याला अक्षरांचा कुणी केला?"

तो तिच्या शेजारीच उभा होता. मी वाट पाहिली.

"पुढचा बघ," तो म्हणाला.